तीन बोटांचा हिशेब

(मालेगाव येथील कामगार हक्क शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'नवे तंत्रज्ञान आणि कामगार' असं लिहिलंय. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून आयोजकांनी तसं लिहिलं असावं. पण मला आज बोलायचंय ते माझ्या मामूंच्या उजव्या हाताविषयी. मामू इथेच आहेत, मागून तिसऱ्या रांगेत. हे सगळं सांगायची परवानगी त्यांनीच दिली, एका अटीवर. सेठचं नाव घ्यायचं नाही. ती अट मी पाळणार आहे.

गोष्ट २०११ सालची. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामूंचं वय ३५. आठ साच्यांचा कारखाना. बाहेरगावच्या साथींसाठी सांगतो, आमच्याकडे पॉवरलूमच्या शेडला कारखाना म्हणतात आणि मागाला साचा. बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, पगार गुरुवारी, जुम्म्याला सुट्टी. रात्रपाळीत पहाटेच्या सुमाराला अडकलेला धागा काढताना मामूंचा हात गिअरमध्ये गेला. गिअरवर जाळी नव्हती. आठातल्या एकाही साच्यावर नव्हती. जाळी असली की प्रत्येक वेळी ती काढा, पुन्हा बसवा, यात वेळ जातो, आणि मजुरी मीटरवर असली की गेलेला वेळ कामगाराच्या खिशातून जातो. त्यामुळे जाळ्या कोपऱ्यात पडून राहण्यात मालकाइतकाच कामगाराचाही हात असतो, हे मी आधीच मान्य करून टाकतो. नाहीतर नंतर कोणीतरी उठून तेच विचारेल.

उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

सेठ वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या गाडीत घालून त्याने मामूंना धुळ्याला नेलं, ऑपरेशनचं बिल भरलं, दोन रात्री तिथे बाकावर झोपला. अकराव्या दिवशी मामू घरी आले आणि त्याच संध्याकाळी सेठ मुकादमाला घेऊन आमच्याकडे आला. हातात फळांची पिशवी आणि शंभराचा स्टॅम्प पेपर.

मजकूर मराठीत टाइप केलेला होता. मामू फक्त उर्दू वाचतात. घरात मराठी कागद वाचणारा मी एकटा, आणि मी त्या आठवड्यात सुट्टीवर आलेलो. नानींनी मला पुढे बसवलं. 'तू पढा-लिखा है, तू बता.' मी वाचलं, उर्दूत समजावून सांगितलं. अपघात माझ्या स्वतःच्या चुकीने व निष्काळजीपणाने झाला. दवाखान्याचा सर्व खर्च मालकांनी केला. माणुसकीच्या नात्याने मालकांनी रोख २५,००० रुपये दिले, ते मला पोचले. यापुढे मी किंवा माझे वारस कोणतीही तक्रार वा दावा करणार नाही.

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, ठीक आहे, करा सही. त्यांनी डाव्या हाताने सही केली. उजव्या हातावर पट्टी होती.

त्यानंतरची आठ वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण इथल्या निम्म्या घरांत ती घडलेली आहेत. चार महिने मामू घरी. मग त्याच सेठकडे कांड्या भरायचं काम, जे आमच्याकडे बायका आणि पोरं करतात, आणि मजुरीही तशीच. मग चहाची गाडी. मामींनी घरी शिलाई घेतली. मोठ्या मुलाने नववीत शाळा सोडली आणि साच्यावर गेला. २५ हजारांतले बरेचसे पैसे तर पहिल्या चार महिन्यांतल्या किराण्याच्या आणि औषधांच्या उधारीतच गेले होते.

२०१९ मध्ये मला कंपनीत एक काम मिळालं. एका विमा कंपनीसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर. कामगाराला इजा झाली तर मालकावर कायद्याने किती रक्कम लागू होते, तो आकडा स्क्रीनवर काढून द्यायचा. त्यासाठी मला १९२३ च्या भरपाई कायद्याची परिशिष्टं तक्त्यात भरायची होती. कायद्याचं पूर्वीचं नाव कामगार भरपाई कायदा, नंतरचं कर्मचारी भरपाई कायदा. त्याची दोन परिशिष्टं फार बारकाईने लिहिलेली आहेत. एकात शरीराचे भाव आहेत. भाव हा शब्द मला आवडत नाही, पण दुसरा सुचत नाही. दोन्ही हात गेले तर कमाईची शक्ती १०० टक्के गेली असं धरायचं. एका हाताची चार बोटं ५० टक्के, तीन बोटं ३० टक्के, दोन बोटं २०. अंगठा एकटाच ३०. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. पूर्ण तर्जनी १४, करंगळी ७. दुसऱ्या परिशिष्टात वयाप्रमाणे गुणक आहेत. २५ वर्षांच्या माणसाला २१६.९१, ३० ला २०७.९८, ३५ ला १९७.०६. सूत्र शाळकरी पोराला जमेल असं आहे. महिन्याच्या पगाराचे ६० टक्के घ्या, वयाच्या गुणकाने गुणा, त्यातून जितके टक्के इजा तितकी रक्कम काढा.

सॉफ्टवेअर लिहिल्यावर ते बरोबर चालतंय का, हे पाहायला आम्ही खोटे आकडे घालून बघतो. मी वय ३५ घातलं. पगार ६,०००. आठवड्याला दीड हजार मिळायचे, तोच धरला. इजा: एका हाताची तीन बोटं. एंटर दाबलं.

२,१२,८२५ रुपये.

मी हिशेब हाताने परत केला. ६,००० चे ६० टक्के ३,६००. गुणिले १९७.०६, म्हणजे ७,०९,४१६. त्याचे ३० टक्के. आकडा तोच. मग कायद्याची पुढची कलमं वाचली. ती माझ्या कामाची नव्हती, पण वाचली. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज, आणि कारण पटलं नाही तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. २,१२,८२५ वर १२ टक्के म्हणजे २५,५३९. आम्ही माणुसकीच्या नात्याने जे घेतलं होतं, ते देण्याच्या रकमेवरचं एका वर्षाचं व्याजही पुरतं भरत नव्हतं.

दवाखान्याचं बिल, ज्याबद्दल नानी सेठला मरेपर्यंत दुआ देत राहिल्या, तेही मालकानेच द्यायचं असतं. २००९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आलं. घरी बसलेल्या महिन्यांत दर पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे महिन्याला निम्मा पगार, तोही मालकाने द्यायचा असतो. कारखान्यात किती माणसं आहेत याच्याशी या कायद्याला घेणंदेणं नव्हतं. विजेवर चालणारं यंत्र आहे आणि माल तयार होतोय एवढं पुरे. आठ साचे असोत की ऐंशी. कामगार कायम आहे की बदली, हेही २००० सालानंतर पाहायचं नव्हतं. आणि चुकीचं म्हणाल तर, कामगार दारू पिऊन असला, मुद्दाम नियम मोडला, किंवा सुरक्षेची जाळी जाणूनबुजून काढली, अशा ठरावीक गोष्टींतच मालकाला सुटका होती, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाही. जी जाळी महिनोन्महिने मालकाच्या डोळ्यांदेखत कोपऱ्यात पडून आहे, तिच्या नावाने कामगाराला घरी पाठवणं सोपं नाही. झोपेच्या पेंगेत हात सरकणं ही निष्काळजी असेल. निष्काळजीने हक्क जात नाही.

आता स्टॅम्प पेपरचं ऐका. त्या कायद्याच्या कलम १७ मध्ये सरळ लिहिलं होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार रद्दबातल. आपसांत रक्कम ठरवायची असेल तर त्याचा मसुदा भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागायचा, आणि रक्कम फारच कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकत होते. कलम २९ तर म्हणत होतं की करार नोंदवायला पाठवलाच नाही, तर मालक पूर्ण रकमेला बांधील राहतो आणि आधी दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त, आयुक्तांच्या हुकमाशिवाय, वळतेही करू शकत नाही. म्हणजे ज्या कागदाला मी 'ठीक आहे' म्हणालो, तो कायद्याच्या दृष्टीने रद्दी होता. त्या कागदाने मामूंचा हक्क गेलाच नव्हता. हक्क गेला तो पुढे दोन वर्षं आम्ही गप्प बसलो म्हणून. कारण दावा करायची मुदत दोन वर्षांची होती.

मी नाशिकच्या एका वकिलांना भेटलो. ते म्हणाले, उशीर माफ करून घेता येतो, सबळ कारण दाखवा. पुरावा काय आहे? मामू त्या कारखान्यात कामाला होते, याचा कागद?

साथींनो, सगळी लढाई इथे येऊन थांबते. बोटं गेली हे दिसतं. ती कुठे गेली हे सिद्ध करावं लागतं. हजेरीचं मस्टर नाही. पगाराची पावती नाही. मुकादमाच्या वहीत फक्त मीटर आणि 'नईमवाले साचे' असलं काहीतरी. दवाखान्याच्या कागदावर इजेचं कारण 'मशीनमध्ये हात अडकून', मशीन कोणाचं ते नाही. पोलिसात नोंद नाही. तोवर तो कारखाना विकला गेला होता, साचे भंगारात गेले होते. आणि एकच कागद असा होता ज्यावर सेठ, मामू, अपघात, तारीख हे सगळं एकत्र लिहिलेलं होतं. तो म्हणजे तो स्टॅम्प पेपर. तो सेठकडे होता. आम्ही झेरॉक्सही काढून ठेवली नव्हती.

वकिलांनी तरी नोटीस काढायची तयारी दाखवली. मामूंनी नको म्हटलं. मी भांडलो. मामू म्हणाले, दर रमझानला सेठकडून दोन हजार येतात, धाकट्याला त्यांच्याच नव्या कारखान्यात काम आहे, आता कोर्टात खेचू त्यांना? 'जाने दे बेटा.'

दर रमझानला दोन हजार. जकात. मला त्या क्षणी जे समजलं ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही, पण प्रयत्न करतो. ज्या माणसाला मामूंचे दोन लाख देणं होतं, त्याच्या जकातीच्या यादीत मामू होते. देणेकरी दाता झाला होता आणि घेणेकरी मागता. यात कोणी लबाडी केली असंही म्हणता येत नाही. सेठला खरोखरच वाटत होतं की तो नेकी करतोय. मामूंनाही तेच वाटत होतं. आपल्या मोहल्ल्यांत कोणाचा हात गेला, कोणी छतावरून पडला, की जुम्म्याच्या नमाजनंतर चादर फिरते. चांगलीच गोष्ट आहे. माझ्या मामूंसाठीही फिरली होती. पण त्या चादरीभोवती उभे असलेल्यांत कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी नगरसेवक असतो, आणि त्यांच्यातला एकही विचारत नाही की अपघाताला किती दिवस झाले, नोटीस दिली का. मजुराच्या घामाबद्दलची हदीस कितीतरी कारखान्यांच्या ऑफिसात फ्रेम करून लावलेली असते. आलिमसाहेब इथे बसलेत, त्यांना मी विनंती करतो की कर्ज आधी की जकात आधी, एवढंच एकदा खुत्ब्यात समजावून सांगा. बाकीचं आम्ही बघतो.

हे भरपाईचं मागणं कोणी दिल्लीहून आणलेलं नाही. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज दिला, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा. त्यामागे होते नारायण मेघाजी लोखंडे, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. रविवारची सुट्टी त्यांनी मागितली हे आपण शाळेत शिकतो. त्याच अर्जात असंही मागणं होतं की कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. हे शाळेत शिकवत नाहीत. कायदा आला १९२३ ला, ३९ वर्षांनी. आणि त्या कायद्याने दिला तो बरा होईपर्यंत निम्मा पगार. पूर्ण पगाराचं मागणं अजून तसंच पडून आहे.

मुदतीत दावा केला, पुरावा दिला, तरी काय होतं ते सांगतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार एप्रिल २००३ मध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं आणि आई. आयुक्तांनी ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली. उच्च न्यायालयाने म्हटलं, तो अजून कामावर पोचलाच नव्हता, भरपाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून बाईंना न्याय दिला, जुलै २०२५ मध्ये. २२ वर्षांनी. १९२३ च्या कायद्यात लिहिलं होतं की आयुक्तांनी तीन महिन्यांत निकाल लावावा. त्या चार मुलांपैकी सगळ्यात धाकट्याचं वय आज किती असेल, याचा मी विचार करत असतो.

दुसरा एक निकाल मात्र पाठ करून ठेवण्यासारखा आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे ती १०० टक्के इजा नाही. मालक म्हणाला, दुसरा हात आहे ना. सर्वोच्च न्यायालयातल्या चार न्यायमूर्तींनी म्हटलं की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून नुकसान पूर्ण. आणि मालकाची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, आयुक्तांच्या निकालापासून नव्हे. हा निकाल जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वीचा. मामूंच्या बाबतीत हा मुद्दा मांडता आला असता. तुटलेला धागा अंगठा आणि करंगळीने कोणी जोडून दाखवावा.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण दर आठवड्याला मला याच्यावरून फोन येतात. सरकारी दवाखान्याचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं आणि कमाईच्या शक्तीची टक्केवारी वेगळी. मामूंना प्रमाणपत्र चाळीस टक्क्यांच्या खालचं मिळालं, म्हणून दिव्यांगांच्या बऱ्याचशा योजना बंद. लोक समजतात की मग भरपाईही बंद. तसं नाही. भरपाईला चाळीसची अट नाही. करंगळीचं टोक गेलं तरी दोन टक्के आहेत.

ज्यांच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे त्यांचा रस्ता वेगळा आहे, आणि गरीब घराला तो बरेचदा जास्त बरा. दहा किंवा जास्त माणसं, पगार २१ हजारांपर्यंत, तर मालकाने नोंदणी करायलाच हवी. मग कायमची इजा झाली तर एकरकमी ऐवजी महिन्याच्या महिन्याला पैसे येतात, आणि ते भाऊबंद उधार मागून नेऊ शकत नाहीत. पण मस्टरवर माणसं कायम नऊ. एकाच छताखालचे साचे भाऊ, बायको, मेहुणा यांच्या नावावर वाटलेले, मध्ये एक प्लायवूडची भिंत. मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या पट्ट्यांत, तिकडे हरियाणात आणि इकडे पुण्याकडे, 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था काम करते. प्रेसखाली बोटं गेलेल्या हजारो कामगारांना तिने मदत केली आहे. तिचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की कितीतरी जणांना ईएसआयचं कार्ड अपघातानंतर मिळतं.

आता सेठची बाजू. आठ साच्यांच्या मालकाने दोन लाख आणायचे कुठून? हा प्रश्न खोटा नाही. आमच्याकडचे छोटे मालक स्वतः व्यापाऱ्याकडून सूत घेतात, मजुरीवर कापड विणून देतात, मीटरमागे पैशांत कमाई. मामूंचा सेठ पुढे साचे विकून मोकळा झाला, हौसेने नाही. खरा पैसा सूत देणाऱ्याकडे आणि कापड उचलणाऱ्याकडे. कायद्यात मुख्य मालकाला जबाबदार धरायचं कलम आहे, ठेकेदाराच्या माणसाला इजा झाली तर ठेका देणाऱ्यानेही भरायचं. पण अपघाताची जागा त्याच्या ताब्यातली असेल तरच. शेड दुसऱ्याची, म्हणून व्यापारी मोकळा. मला सुधारणा हवी असेल तर ती इथे हवी. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवलंय. १९६९ चा माथाडी कायदा. हमालाचा मालक कोण हा वाद त्याने बाजूला ठेवला आणि माल उतरवून घेणाऱ्याकडून मंडळामार्फत लेव्ही घेतली. कापडाच्या प्रत्येक ताग्यामागे तशी काही पैशांची लेव्ही, आणि त्यातून जखमीला पहिल्या महिन्यात रक्कम, मालकाकडून वसुली मंडळ नंतर करेल. आणि तोवर छोट्या मालकांनी निदान विमा काढावा. मी ते सॉफ्टवेअर लिहिलंय, तसा विमा बाजारात मिळतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. सूत्र तेच आहे, पगाराचे ६० टक्के आणि वयाचा गुणक. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही त्यात धरलाय, हे चांगलं झालं. पण ज्यांचा कारखाना रस्त्यावरच आहे, ती डिलिव्हरीची पोरं 'गिग कामगार' म्हणून वेगळ्या खान्यात टाकलीत, मालक-नोकर नात्याच्या बाहेर. त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के निधीत द्यायचा आणि सरकारने योजना करायच्या. योजना म्हणजे सरकार ठरवेल ते. मामूंच्या सूत्रातला आकडा त्यांना मागता येत नाही. माझ्या वयाचे, माझ्यासारखंच काम करणारे दोस्त त्या कंपन्यांची ॲप लिहितात. रायडर पडला की ऑर्डर दुसऱ्याला द्यायची सोय त्यांनी काही सेकंदांत केली आहे. पडलेल्याचं पुढे काय, यासाठी स्क्रीनवर एक खाना ठेवा, एवढं मी त्यांना सांगत असतो. ते म्हणतात, तो आमच्या हातात नाही. असेलही.

मला विचारतात, मग तू यासाठी एखादं ॲप का नाही बनवत? बनवलंय. वय, पगार, इजा घाला, आकडा येतो. पण आकडा कळला म्हणून पैसे मिळत नाहीत. पैसे मिळायला कागद लागतात, आणि कागद अपघाताच्या आधी जमवायचे असतात. आता सेठलोक पगार फोनवरून टाकतात, ती एक मोठीच गोष्ट झाली आहे. दर गुरुवारी एकाच नंबरवरून आलेली रक्कम हा कामाचा पुरावा आहे. ते स्क्रीनशॉट काढून बहिणीच्या, बायकोच्या फोनवर पाठवून ठेवा. मुकादमाचे आवाजी मेसेज पुसू नका. वहीच्या पानाचा फोटो घ्या. अपघात झाला तर दवाखान्यात केसपेपरवर कारखान्याचं आणि मालकाचं नाव लिहून घ्या, डॉक्टरांच्या मागे लागून लिहून घ्या, कारण तो कागद पहिल्या तासात बनतो आणि नंतर बदलत नाही. आणि घरातल्या बायकांना हे सगळं माहीत हवं, कारण जखमी माणूस टेबलावर बेशुद्ध असतो. माणूस दगावला तर भरपाईची रक्कम आयुक्तांकडे, आता सक्षम अधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. विधवेच्या हातात परस्पर टेकवून सही घेणं चालत नाही.

चार महिन्यांपूर्वी प्लास्टिकच्या कारखान्यात एका २२ वर्षांच्या पोराची दोन बोटं गेली. तो आमच्याच गल्लीतला. फोनवर चौदा महिन्यांचे पगार दिसतात. नोटीस रजिस्टर पोस्टाने गेली आहे. गेल्या सोमवारी मालकाचा माणूस चाळीस हजार आणि एक टाइप केलेला कागद घेऊन त्यांच्या घरी आला. पोराच्या अम्मीने पैसे परत केले नाहीत, घरात उधारी आहे, परत कसे करणार. पण कागदावर सही करण्याआधी तिने आमच्याकडे माणूस पाठवला. मामूच गेले. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि आम्ही उर्दूत आणि मराठीत छापून ठेवलेली पावती पुढे केली: भरपाईपोटी आगाऊ मिळाले रुपये चाळीस हजार, बाकी हक्क राखून. मालकाच्या माणसाने फोन लावला, बराच वेळ बाहेर जाऊन बोलला. मग आत येऊन सही केली. पोराचं वय, पगार आणि बोटं घालून मी आकडा काढलाय, तो इथे सांगत नाही, प्रकरण चालू आहे.

त्या पावतीचे गठ्ठे बाहेरच्या टेबलावर आहेत. जाताना पाच-पाच न्या. टेबलामागे मामू बसतील. त्यांना डाव्या हाताने लिहायला जरा वेळ लागतो, पण नाव-पत्ता ते स्वतःच लिहून घेतात.